मेढ्याचा रस्ता आणि सही न करणारे महाराज

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

झालं असं की, गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या एका ग्रुपवर साताऱ्याच्या गादीचा विषय निघाला. एका तरुण पोरानं (पोरगा हुशार आहे, नाव सांगत नाही) लिहिलं, "१८१८ नंतरचे छत्रपती म्हणजे इंग्रजांचे पेन्शनर. त्यांचा कसला इतिहास?" खाली पंधरा-वीस अंगठे. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं. ग्रुपवर दोन ओळीत मावणारी गोष्ट नव्हती ती. म्हणून इथं लिहितोय.

आपण जावळीकर. आपल्याला इतिहास विचारला की आपण १६५६ पासून सुरू होतो. चंद्रराव मोरे, जावळीचं खोरं, मग १६५९, प्रतापगड, अफजलखान. शाळेतली पोरं झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण तिथून आपली गाडी जी सुटते ती थेट बेचाळीसच्या चळवळीलाच थांबते. मधल्या अडीच-पावणेतीनशे वर्षांचं काय, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आणि मेढ्यावरनं केळघर घाट चढून आपण ज्या वाटेनं महाबळेश्वरला जातो, त्या वाटेची गोष्ट नेमकी त्या मधल्या काळातली आहे.

थोरले प्रतापसिंह महाराज. जन्म १८ जानेवारी १७९३. वडील, म्हणजे दुसरे शाहू महाराज, १८०८ मध्ये वारले तेव्हा हे पंधरा वर्षांचे. गादीवर बसले म्हणजे काय, तर साताऱ्यात पेशव्यांच्या पहाऱ्यात बसले. पुण्यात पेशवा व्हायचा तर वस्त्रं साताऱ्याहून जायची, पण वस्त्रं देणाऱ्याला स्वतःच्या मर्जीनं कुठं जायची मुभा नव्हती. ही अवस्था काही त्यांच्यापासून सुरू झाली नव्हती, वडिलांचंही आयुष्य तसंच गेलं होतं.

१८१७ ला इंग्रज-मराठे शेवटचं युद्ध पेटलं आणि दुसऱ्या बाजीरावानं महाराजांना कुटुंबासकट वासोट्यावर नेऊन ठेवलं. वासोटा आपलाच. आज आपण बामणोलीतून बोटीनं पलीकडं जाऊन, वनखात्याची पावती फाडून, वर जाऊन फोटो काढतो. त्याच कड्यावर छत्रपती कोंडलेले होते हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? पुढं बाजीरावानं महाराजांना, त्यांच्या मातोश्रींना आणि भावांना आपल्या फौजेबरोबर घेतलं. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला, सोलापूरच्या बाजूला, लढाई झाली. बापू गोखले पडले, बाजीराव निसटला आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये वासोटाही पडला.

आता त्या पोराचा मुद्दा इथूनच सुरू होतो, आणि तो अगदीच खोटा नाही. महाराजांना राज्य मिळालं ते इंग्रजांनी दिलं म्हणून. एल्फिन्स्टन साहेबानं ११ फेब्रुवारीलाच साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता की, छत्रपतींना मोकळं करू आणि त्यांच्या इतमामाला शोभेल असं राज्य देऊ. हे काही प्रेमापोटी नव्हतं. पेशव्याच्या बाजूनं लढणाऱ्या मराठ्यांना फोडायचं तर छत्रपतींचं नाव पुढं करणं सोयीचं होतं. हेतू सरळ होता, तो लपवायचं कारण नाही.

पण मग २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. माझी सगळी गोष्ट या कागदाभोवती फिरते, म्हणून नीट वाचा. तहाच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की हा मुलूख महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि पुढच्या गादीवर येणाऱ्यांना कायमचा दिला. कायमचा. नीरेपासून वारणेपर्यंत आणि सह्याद्रीपासून भीमेपर्यंतचा हा मुलूख, म्हणजे आजचा सातारा आणि सांगली-सोलापूरचा बराच भाग. त्याच तहात दुसरीकडं असंही होतं की महाराजांनी बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी इंग्रजांना विचारल्याशिवाय पत्रव्यवहार करायचा नाही, केला तर राज्य जाईल. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातात दोरी ठेवायची.

पहिली तीन वर्षं कारभार कॅप्टन जेम्स ग्रँट बघत होता. हाच तो ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. ५ एप्रिल १८२२ ला कारभार पूर्ण महाराजांकडं आला. त्यानंतर या माणसानं जे केलं ते बघा, म्हणजे पेन्शनर शब्द किती बसतो ते तुम्हीच ठरवा.

साताऱ्यात १८२४ ला राजवाडा बांधला. शहरात पेठा वसवल्या, प्रतापगंज पेठ हे नाव आजही आहे. शाळा काढली, छापखाना घातला. दरबारात रोजची नोंद व्हायची, आज कोण आलं, काय बोलणं झालं, काय हुकूम दिला. या रोजनिश्या राहिल्यात म्हणून आज अभ्यासकांना त्या दरबारातला दिवस कसा जायचा ते कळतं. लहानपणी ज्याला गडावर कोंडून ठेवलं होतं, त्यानं मोठेपणी सगळं कागदावर उतरवून ठेवायची सवय लावून घेतली. मला यात अर्थ दिसतो. दुसऱ्या कुणाला नाही दिसणार कदाचित.

आणि रस्ता. १८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतला लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला. त्याच्या नावाचा पॉइंट वर आहे, लॉडविक पॉइंट, पावसाळ्यात धुक्यात उभं राहून आपण सगळ्यांनी भजी खाल्लीत तिथं. साहेबांना हवा आवडली. मग साताऱ्याहून वर गाडी जाईल असा रस्ता महाराजांनी आपल्या खजिन्यातून बांधवला. वेण्णेच्या खोऱ्यातून मेढा, मग केळघर आणि मग घाट. वर गव्हर्नर माल्कमच्या नावानं पेठ वसली ती १८२८-२९ च्या सुमाराला, आणि ती जागा मिळवण्यासाठी इंग्रजांनी महाराजांना बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं. म्हणजे जे महाबळेश्वर आज आपल्या भागाचं पोट भरतं, त्याची वाट या 'पेन्शनर' माणसानं घातली. आपण मात्र त्या वाटेवर खड्डे कुणी पाडले यावर तासभर भांडतो, ती वाट कुणी काढली हे कधी विचारत नाही.

मग बिघडलं कुठं? बिघडलं ते जहागिरींवरनं. तहात भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे नाईक निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरा हे सहा जहागीरदार महाराजांच्या छत्राखाली होते. यातल्या काही जहागिरी वारस संपला की कुणाकडं जाव्यात, महाराजांकडं की कंपनीकडं, यावर मुंबई सरकारशी वाद सुरू झाला. महाराज तहाचा कागद काढून दाखवायचे. मुंबईवाले टाळायचे. महाराजांनी लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांपर्यंत दाद मागितली आणि गंमत म्हणजे तिकडून मतं महाराजांच्या बाजूनं येत होती. १८३५ च्या शेवटी तर डायरेक्टरांनी त्यांच्या कारभाराची तारीफ करणारं पत्र आणि एक रत्नजडित तलवार द्यायचं ठरवलं. ती तलवार महाराजांना कधीच मिळाली नाही. पत्र मुंबईत पोचलं तोवर मुंबई सरकारनं त्यांच्यावर राजद्रोहाची चौकशी लावायची तयारी केली होती.

दुसरा वाद घरातला होता. १८३० च्या सुमाराला साताऱ्यात वेदोक्ताचा वाद पेटला. भोसले क्षत्रिय की नाहीत, त्यांना वैदिक मंत्रांनी संस्कार करायचा अधिकार आहे की नाही. महाराज ठामपणे मराठ्यांच्या आणि प्रभूंच्या हक्काच्या बाजूला उभे राहिले. विरोधात सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन आणि बाळाजीपंत नातू ही वजनदार माणसं. या नातूंचं रेसिडेन्सीत चांगलं येणंजाणं होतं. म्हणजे कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण आपण शाहू महाराजांमुळं ऐकलेलं असतं, त्याच्या आधी सत्तर वर्षं हीच लढाई साताऱ्यात होऊन गेली होती. यावरनं आजची जातीची भांडणं इथं सुरू करू नका, हात जोडून सांगतो. महाराजांचे दिवाण गोविंदराव ब्राह्मणच होते आणि इंग्रजांनी त्यांना उचलून नगरला कैदेत टाकलं ते महाराजांविरुद्ध त्यांच्याकडून काही वदवून घेण्यासाठी. माणसं तेव्हाही जातीपेक्षा जास्त गुंतागुंतीची होती.

१८३६ मध्ये आरोप आला. साताऱ्यातल्या तेविसाव्या पलटणीतल्या दोन देशी सुभेदारांना महाराजांनी फितवायचा प्रयत्न केला म्हणे. मग त्यात भर पडली, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रं चालवली. गुप्त चौकशी समिती बसली. तिच्यात तोच लॉडविक होता, आता साताऱ्याचा रेसिडेंट झालेला. पण आरोपी असलेल्या महाराजांना पुराव्याचे कागद दाखवले गेले नाहीत. साक्षीदारांना उलट विचारायची संधी नाही. महाराज पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, माझी उघड चौकशी करा, मी समोर येतो. ती झालीच नाही. लॉडविक फारसा उत्साही दिसेना तेव्हा त्याला हलवून ओव्हान्स नावाचा कर्नल रेसिडेंट म्हणून आणला. हाच लॉडविक पुढं विलायतेत महाराजांच्या बाजूनं बोलला. त्यामुळं त्या पॉइंटवरच्या खांबाकडं मी जरा नरम नजरेनं बघतो.

गोव्याशी काहीच पत्रव्यवहार नव्हता का? यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. दरबारातल्या कुणीतरी कुठंतरी चाचपणी केली असेलही, राजकारणात लोक करतात. पण गोव्याचे पोर्तुगीज, ज्यांना स्वतःचं घर सांभाळताना नाकी नऊ आले होते, ते तीस हजार फौज घेऊन इंग्रजांवर चालून येणार, हे त्या वेळच्या कित्येक इंग्रजांनाही हसण्यावारी न्यायचं प्रकरण वाटलं होतं.

आता मुख्य जागा. ऑगस्ट १८३९. मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. महाराजांशी त्याच्या भेटी झाल्या. त्यानं सौदा मांडला. हा कागद घ्या, सही करा. कागदाच्या सुरुवातीला लिहिलं होतं की वाईट सल्लागारांच्या नादानं तुम्ही तहाविरुद्ध वागलात. तेवढं कबूल करा, यापुढं तह पाळीन असं लिहून द्या, अमुक कारभारी काढून टाका. झालं. गादी राहील, राज्य राहील, मागचं सगळं माफ.

मंडळी, इथं क्षणभर थांबून विचार करा. आपल्यापैकी किती जणांनी असल्या कागदावर सही केली नसती? एक ओळ कबूल करायची. ती खरी की खोटी, तिकडं कोण बघतंय? बायकापोरं, भाऊबंद, चाकरमाणसं, सगळ्यांचं भविष्य त्या एका सहीवर. वकील असता तर त्यानंही सांगितलं असतं, करून टाका महाराज, पुढचं पुढं बघू.

महाराजांनी सही केली नाही. राज्य सोडीन, पण जे केलं नाही ते केलं असं लिहून देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. चौकशी करा, दोषी ठरलो तर शिक्षा द्या, हे मात्र ते शेवटपर्यंत सांगत राहिले. कार्नॅकला हे समजलंच नाही असं वाटतं. त्याला बहुतेक वाटलं होतं की राज्य वाचतंय म्हटल्यावर माणूस वाकेल.

४ सप्टेंबरची रात्र उलटताना फौज राजवाड्याभोवती आली आणि ओव्हान्सनं महाराजांना ताब्यात घेतलं. महाराजांनी आपल्या शिबंदीला आधीच हत्यारं ठेवायला लावली होती, एक गोळी सुटली नाही. यावरही लोक बोट ठेवतात, लढले का नाहीत म्हणून. शेजारी इंग्रजांच्या पलटणी उभ्या असताना मूठभर शिपायांना मरायला लावून काय मिळालं असतं हे मला कळत नाही. धाकटे बंधू आप्पासाहेब आधीच रेसिडेंटच्या बाजूला गेलेले होते. पुढं नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी त्यांनाच गादीवर बसवलं.

महाराजांना आधी लिंबला नेलं, तिथून काशीला रवाना केलं. सेनापती बाळासाहेब त्यांच्याबरोबर निघाले आणि वाटेतच वारले. काशीत महाराज आठ वर्षं राहिले. १४ ऑक्टोबर १८४७ ला तिथंच त्यांचा अंत झाला. कृष्णेचं पाणी परत बघायला मिळालं नाही.

पण लढाई संपली नव्हती, फक्त साताऱ्याहून लंडनला गेली होती. रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांच्या घरातले रंगो बापूजी गुप्ते महाराजांचे वकील म्हणून विलायतेला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथं राहिले. विचार करा, १८४० च्या आसपास, मराठी माणूस, लंडनच्या थंडीत. कंपनीचे डायरेक्टर, भागधारक, पार्लमेंटचे सभासद, ज्याला त्याला गाठायचं, पत्रकं छापायची, अर्ज द्यायचे, अर्ज फेटाळले की पुन्हा द्यायचे. महाराज वारले, पैसा आटला, कर्ज झालं, तरी हे तिथंच. काँग्रेस स्थापन झाली १८८५ ला. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी आपल्या मुलखातला एक माणूस ब्रिटिश पार्लमेंटच्या दारात कायद्याची भाषा बोलत उभा होता. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी या दोघांवर मोठं पुस्तक लिहिलंय, 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी'. मिळालं तर जरूर वाचा, त्यांच्या भाषेला धार आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

रंगो बापूजींच्या बाजूनं तिथं जे इंग्रज उभे राहिले त्यात जॉर्ज थॉम्प्सन नावाचा एक वक्ता होता. हा गुलामगिरीविरोधातला कार्यकर्ता, १८३४-३५ मध्ये अमेरिकेत जाऊन गुलामगिरीविरुद्ध भाषणं करून आलेला, तिथल्या जमावाच्या भीतीनं गुपचूप परतावं लागलेला. त्या वेळी तिथं अध्यक्ष होता अँड्र्यू जॅक्सन, ज्याचं चित्र आजही वीस डॉलरच्या नोटेवर आहे. सामान्य माणसाचा अध्यक्ष म्हणून त्याचा मोठा गवगवा. पण चेरोकी नावाच्या मूळनिवासी लोकांबरोबर अमेरिकेनं तह केलेले होते, आणि त्यांची जमीन गोऱ्यांना हवी होती. १८३५ च्या डिसेंबरात चेरोकींतल्या थोड्या लोकांना हाताशी धरून नव्या तहावर सह्या घेतल्या. त्यांचा प्रमुख जॉन रॉस यानं सही केली नाही. हजारो लोकांच्या सह्यांचा अर्ज त्यानं वॉशिंग्टनला नेला. उपयोग झाला नाही. १८३८-३९ मध्ये, जॅक्सन पायउतार झाल्यावर, बंदुकीच्या धाकानं त्या लोकांना शेकडो मैल चालवत पश्चिमेला नेलं आणि वाटेत सुमारे चार हजार माणसं मेली असं मानतात. तारखा बघा. तिकडं ते चालत होते आणि इकडं काही महिन्यांतच महाराज काशीच्या वाटेला लागले. दोन्हीकडं तह होता, दोन्हीकडं त्याच्यावर सरकारची मोहोर होती. जॅक्सनची नोट आपल्या आयटीतल्या पोरांच्या पाकिटात असते. जॉन रॉसचं नाव मीसुद्धा पन्नाशीनंतर वाचलं.

पुढचं झरझर सांगतो. ५ एप्रिल १८४८ ला आप्पासाहेब महाराज वारले. जाण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क म्हणाला, तहात वारस आणि पुढचे असं लिहिलंय, दत्तक मानला पाहिजे. नवा गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणाला, नाही. १८४९ ला सातारा खालसा. दत्तक नामंजूर करून गिळलेलं पहिलं मोठं राज्य आपलं. मग नागपूर, झाशी वगैरे सगळ्यांना माहीत आहे. १८१९ ला 'कायमचा' लिहिलेला मुलूख तीस वर्षं टिकला.

रंगो बापूजी हात हलवत परत आले. १८५७ ला साताऱ्यात उठावाची तयारी फुटली. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. चौदा वर्षं अर्ज लिहिणारा माणूस शेवटी कुठल्या वाटेला गेला, ते त्या वाटेवरच्या लोकांनी बरोबर ओळखलं असणार.

तर मग महाराजांचं उरलं काय? राज्य गेलं, वंशाचा हक्क गेला. साताऱ्यातला जुना राजवाडा उरला. त्या वाड्यात पुढं सरकारी शाळा भरायला लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० ला भीवा नावाचा मुलगा तिथं पहिलीत इंग्रजी शिकायला दाखल झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या शाळेला नंतर प्रतापसिंह हायस्कूल नाव मिळालं आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वेदाचा अधिकार कुणाला यावर ज्या राजानं भांडण घेतलं, त्याच्या वाड्यात ते पोर शिकलं. हा योगायोग आहे, महाराजांना त्याचं श्रेय देता येणार नाही, पण मला तो विसरता येत नाही. महाराजांचा क्षत्रियत्वाचा आग्रह आपल्या घराण्यापुरता आणि समाजापुरता होता, त्या पलीकडं तो गेला नव्हता, हेही सांगायला पाहिजे. आणि लंडनचे डायरेक्टर न्यायी आहेत, कागद नीट मांडला की ते ऐकतील, हा त्यांचा विश्वास भाबडा होता. रंगो बापूजींची चौदा वर्षं त्या विश्वासात गेली.

तरी मी त्यांना भाबडं म्हणताना जरा अडखळतो, आणि त्याचं कारण घरचं आहे. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आई अजून विचारते, देवळाचा चौथरा दिसतो का रे. आजोबांकडं एक पत्र्याची ट्रंक होती. पुनर्वसनाचे, जमिनीचे, वीज देऊ म्हणून सांगितल्याचे कागद त्यात घडी घालून. दर एक-दोन वर्षांनी ते एका कार्यालयात जायचे, तिथून दुसऱ्या, तिथून परत पहिल्या. साहेब म्हणायचे, तुमचं बरोबर आहे आजोबा, पण एक अर्ज द्या. एकदा एकानं सांगितलं, मोबदला पूर्ण मिळाला असं यावर सही करा, मग उरलेलं बघू. आजोबांनी सही केली नाही. आजी शेवटपर्यंत त्यांना त्यावरनं बोलायची. केली असती तर काहीतरी हाती लागलं असतं, म्हणायची. तिचंही चूक नव्हतं, घर तिला चालवायचं होतं. ती ट्रंक आता माझ्याकडं आहे.

म्हणून त्या पोराला मी एवढंच विचारतो. गादीवर कुणी बसवलं यावरनं माणूस मोजायचा, की गादी वाचवायला काय करायचं त्यानं नाकारलं यावरनं?

आता एक काम. मेढा, केळघर, कुडाळ, करहर, बामणोली, ज्यांच्या घरात जुने मोडी कागद असतील, माळ्यावर, देव्हाऱ्यामागं, धान्याच्या कणगीशेजारी, त्यांनी ते बाहेर काढा. उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका, कुणाला देऊन टाकू नका. मोबाईलवर सरळ वरून फोटो काढा आणि मला पाठवा. मोडी वाचणारे दोघं जण साताऱ्यात ओळखीचे आहेत, ते बिनपैशानं वाचून देतात. रस्त्याच्या बिगारीचा, बैलांचा, दगड वाहिल्याचा एखादा कागद जरी सापडला तरी आपल्या घाटाची गोष्ट आपल्या लोकांच्या नावानिशी सांगता येईल. साहेबांचं नाव पॉइंटला आहे, महाराजांचं शाळेला आहे, पण दगड फोडणारे कोण होते ते कुठंच नाही.

आणि त्या पोराला वैयक्तिक मेसेज केलाय, रविवारी साताऱ्याला चल, जुना राजवाडा आणि गेंडामाळ दाखवतो. त्याचं उत्तर आलंय, "येतो काका. गाडी कुणाची?"